जाणाऱ्याचा कप

नौपाड्यातल्या त्या ऑफिसात मी नोकरीला लागलो, त्या दिवशी हिराताई भोईरांनी मला चहा दिला आणि कप हातात देता देता सांगितलं, "हा कुलकर्ण्यांचा कप. ते रिटायर होऊन आता बदलापूरला असतात. माणूस शांत, फक्त साखर कमी पडली की बोलायचे. आज तू पाहुणा आहेस, यातून पी. उद्या स्वतःचा कप आण. नाही आणलास तर चहा नाही."

मला वाटलं, बाई गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी मी हात हलवत गेलो. चहा आला, सगळ्यांना मिळाला आणि माझ्या टेबलावरून ट्रे सरळ पुढे गेला. मी हिराताईंकडे पाहिलं. त्या ड्रॉइंग बोर्डावर वाकल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "कोपऱ्यावर भांड्यांचं दुकान आहे. जाऊन ये. तुझा चहा झाकून ठेवते." आवाजात राग नाही, चेष्टा नाही. मी पाय आपटत गेलो आणि मुद्दाम दुकानातला सगळ्यात भडक, मोठमोठ्या सूर्यफुलांचा कप घेऊन आलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. दुसऱ्याच्यात मिसळणार नाही." तो कप अजून चालू आहे. सूर्यफुलं पुसट झाली, तसा मीही झालो.

आमचं ऑफिस आर्किटेक्टचं. साहेब, आम्ही आठ-दहा जणं आणि हिराताई. हुद्द्यानं त्या ड्राफ्ट्समन, म्हणजे साहेबांनी कागदावर जे खरडलं असेल त्याचा रीतसर नकाशा करणाऱ्या. बाईमाणसाला ड्राफ्ट्समन कसं म्हणायचं, हा प्रश्न फक्त मला पडायचा. त्यांना नाही. त्या साहेबांबरोबर पहिल्या दिवसापासून होत्या, म्हणून साहेबसुद्धा त्यांच्याशी जरा जपूनच बोलत.

चहा खालच्या टपरीवरून किटलीत यायचा. ज्याची पाळी त्यानं तो ओतायचा, आणि मोरीच्या वर एक फळी होती तिच्यावरून कप काढायचे. कुठल्याशा बंगल्याच्या दाराच्या चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा, त्याला पितळी आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एकेकाचा कप. वरची रांग कामावर असलेल्यांची, खालची पाहुण्यांची. पाहुण्यांचे कप मात्र विकत आणलेले नव्हते. ऑफिस सोडून जाणाऱ्यानं आपला कप न्यायचा नाही, असा नियम होता. तो खालच्या आकड्याला जायचा. मग बाहेरचं कुणी आलं की त्याला त्यातून चहा, आणि चहा देणाऱ्यानं कप कुणाचा होता ते दोन शब्दांत सांगायचं. निकम दुबईला गेला, सावंतबाईंनी स्वतःचा क्लास काढला. गेल्यावरही ही माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात असायची. कागदी कप त्या ऑफिसात मी कधी पाहिला नाही.

हिराताई बाळकुमच्या. तिथल्या मूळच्या. वडिलांचं भाताचं शेत होतं, काकांचं मिठागर. आता तिथे एवढाले टॉवर उभे आहेत की वरचे मजले मोजायला मान मोडते. जमिनीच्या वाट्यात त्यांना फ्लॅट मिळालेले. घरबसल्या भाडं खाल्लं असतं तरी चाललं असतं. मी एकदा विचारलंही, "हिराताई, तुम्ही कशाला एवढी दगदग करता?" म्हणाल्या, "घरी बसून काय करू? खिडकीतून बिल्डिंगा बघू? त्यातल्या दोन तर मीच काढल्यात." बोलणं एरवी शुद्ध, ऑफिसातलं. पण राग आला किंवा फार आनंद झाला, की बाळकुम आपोआप बाहेर यायचं. 'मला'चं 'मना' व्हायचं आणि 'नाही'चं 'नाय'. आम्ही त्यावरून हवापाणी ओळखायचो.

नकाशाच्या धंद्यात कागद फार मरतो. एक खिडकी सरकली की अख्खा नकाशा नवीन. हिराताई नव्या मुलांना पहिली गोष्ट ही सांगायच्या की, "आधी डोळ्यांनी छाप, मग मशीनवर." म्हणजे स्क्रीनवर नीट तपासून घे, मगच प्रिंटचं बटण दाब. तरीही बाद व्हायचेच. ते बाद नकाशे त्या घडी घालून ठेवत. पाठकोरी बाजू हिशेबाला, रफ कामाला, आणि मोठे कागद भेटवस्तू गुंडाळायला. माझ्या लग्नात त्यांनी आहेर दिला तो अशाच कागदात. सासरच्या मंडळींनी मोठ्या हौसेनं उलगडून पाहिला, तर भिवंडीच्या एका शाळेच्या स्वच्छतागृहांचा प्लॅन. पुरुष सात, स्त्रिया पाच, सगळं मापासकट. माझे सासरे त्यावर वर्षभर बोलत होते. बायकोनं मात्र तो कागद कपाटाच्या फळीवर अंथरला आणि तो अजून तिथेच आहे.

मला या सगळ्याचा सुरुवातीला भारी वैताग यायचा. मी डोंबिवलीकर. आमच्याकडे नाल्यात काय काय वाहतं ते मी रोज बघतो. एकदा चिडून म्हणालो, "हिराताई, तुमच्या-माझ्या एका कपानं काय होणार आहे? आमचा नाला बघा येऊन एकदा." त्यांनी शांतपणे पर्सची चेन ओढली आणि म्हणाल्या, "नाला माझ्या पर्समध्ये मावत नाही रे सतीश. कप मावतो." कपाळ.

त्यांची पर्स हे प्रकरण होतं. साइटवर जायचं असलं की पर्सच्या जोडीला एक खाकी कापडी पिशवी यायची. खडवलीला नदीपासून जवळ आमच्या एका गिऱ्हाइकाचं फार्महाऊस चाललं होतं, तेव्हा आम्ही तिकडे बऱ्याच वाऱ्या केल्या. साहेब, हिराताई आणि मी. स्टेशनबाहेर गरम वडे तळत असायचे. वडेवाला कागदात बांधायला जाणार तेवढ्यात हिराताईंचा डबा उघडा होऊन पुढे आलेला असे. मग पिशवीतून एकात एक बसवलेले स्टीलचे पेले निघत, चहासाठी. पाण्याची बाटली भरलेली. हात पुसायला जुन्या साडीचे तुकडे, धुऊन घडी घातलेले. आणि प्रत्येक गोष्ट एक जास्तीची. आम्ही तिघं, तर पेले चार, चमचे चार, रुमाल चार.

"चौथा कुणाचा?" मी विचारायचो.

"विसरलेल्याचा," त्या म्हणायच्या. "आपल्यापुरतं आणलं तर ते आपलं वेड. एक जास्तीचं आणलं की ती दुसऱ्याची सोय."

हे त्यांचं तत्त्व मला फार उशिरा कळलं. त्यांनी कधी कुणाला भाषण दिलं नाही. एकदा नदीकाठी एक कुटुंब सहलीला आलेलं, श्रीखंडाचा डबा उघडून बसलेलं, आणि चमचे घरी राहिलेले. त्यातली बाई प्लास्टिकचे चमचे कुठे मिळतील म्हणून विचारत आमच्यापाशी आली. हिराताईंनी चौथा चमचा दिला, वर आपला स्वतःचाही दिला. आम्ही काम आटपून येईपर्यंत ते लोक गेलेले. मी खूश झालो, म्हटलं, "गेले ना चमचे?" हिराताई म्हणाल्या, "जाऊ देत. पुढच्या वेळी त्यांच्याकडे दोन जास्तीचे असतील."

कामासाठी कुठे मुक्काम पडला, तर साबणाची डबी घरची. लॉजवरच्या त्या चिमुकल्या शाम्पूच्या बाटल्या आम्ही सगळे हक्कानं बॅगेत टाकायचो. त्या हात लावायच्या नाहीत. जेवायला बसलं की वाढप्याला आधीच सांगायच्या, भात अर्धा आण, लागला तर मागू. आणि खरोखर लागला तर लाज न बाळगता मागायच्या. उपाशीपोटी मोठेपणा मिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. चांगलं जेवायच्या, वाकटी माशाच्या कालवणाचा विषय निघाला की डोळे मिटून बोलायच्या.

साहेब गेले ते अचानक. संध्याकाळी ऑफिसातून घरी गेले आणि सकाळी फोन आला. दिवसकार्य झाल्यावर ऑफिस उघडलं तेव्हा कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. साहेबांचा कप वरच्या रांगेत पहिल्या आकड्याला होता. पांढरा, निळ्या कडेचा, कानाला बारीक तडा गेलेला. हिराताईंनी तो काढला, धुतला, पुसला आणि खालच्या रांगेत लावला. मग कितीतरी वेळ नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. पाणी वाया घालवताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

साहेबांचा मुलगा निखिल तेव्हा कारभार बघायला आला. तोही आर्किटेक्ट, बाहेर शिकून आलेला, हुशार आणि मनानं चांगला. पण वडील गेल्याचं दुःख ताजं होतं. आल्या आल्या चार दिवसांत त्यानं पाहिलं, की कल्याणचे युसूफभाई, म्हणजे आमच्या प्लंबिंगचे कंत्राटदार, बाहेरच्या बाकावर बसून त्याच्या वडिलांच्या कपातून चहा पितायत. तो लाल झाला. युसूफभाई जाईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "ताई, बाबांचा कप तुम्ही कुणालाही देता?"

"कुणालाही नाही. पाहुण्याला देते," हिराताई म्हणाल्या. "तुझे बाबा जन्मभर आलेल्याला आधी चहा द्यायचे, मग स्वतः घ्यायचे. त्यांचा कप काय हार घालून कपाटात ठेवू?"

दुसऱ्या दिवशी कप फळीवर नव्हता. तो घरी घेऊन गेला होता. हिराताईंनी रिकाम्या आकड्याकडे पाहिलं, आणि तिथे दुसरा कप काही लावला नाही.

पुढे वर्षाभरात निखिलनं ऑफिस हलवायचं ठरवलं. नौपाड्यातली जागा अपुरी पडत होती हे खरं. नवी जागा बाळकुमला, एका मोठ्या संकुलात, काचेची. हिराताईंच्या घरापासून चालत जाण्यासारखी. आम्ही सगळे म्हटलं, ताईंची मजा आहे. निखिलनं आतला आराखडा स्वतः केला आणि पक्का नकाशा काढायला हिराताईंकडे दिला. दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि कागद समोर धरला. "बघ," म्हणाल्या, "यात मोरी नाय."

'नाय' ऐकून मी सावध झालो. खरंच मोरी नव्हती. एका भिंतीला कॉफीचं मशीन, शेजारी कागदी कपांची नळी, खाली कचऱ्याचा डबा. कप विसळायला जागाच ठेवलेली नाही, म्हणजे फळीही नाही, आकडे नाहीत, कुलकर्णी नाहीत, निकम नाही. त्या निखिलकडे गेल्या, दार उघडंच होतं. त्यांनी एकदाच विचारलं. निखिल समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, ते कप, ती फळी, ते आता जुनं झालं. क्लायंट येतात. कुणाचे तरी वापरलेले कप त्यांच्यापुढे ठेवायचे, मला बरं नाही वाटत." त्या 'बरं' म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

मी म्हटलं, "हिराताई, नकाशा तुमच्या हातात आहे. काढा की गुपचूप एक बेसिन. त्याला कळेपर्यंत प्लंबरनं पाइप टाकलेला असेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीतच लहान झालो. "मालकानं मंजूर न केलेली रेष मी आजवर काढली नाही. आता रिटायर व्हायच्या वर्षी काढू?" आणि तो मोरी नसलेला नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं, सुबक, काटेकोर काढून दिला. मला अतोनात वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं ऑफिस आणि त्यात त्यांची म्हणावी अशी ती एक फळी. ती पुसून टाकायचं काम त्यांच्याच वाट्याला यावं, हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. हलवाहलवीच्या वेळी त्यांनी एकेक कप बाद नकाशात गुंडाळून खोक्यात भरला, वर फळी ठेवली आणि सुतळीनं बांधून ते खोकं नव्या जागी आपल्या टेबलाखाली सरकवलं. कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

नव्या ऑफिसात पूजा झाली त्या दिवशी बरीच माणसं आली. मशीन घरघरत होतं, कागदी कप निघत होते, दुपारपर्यंत डबा भरून वाहायला लागला. युसूफभाई आले. निखिलनं स्वतः पुढे होऊन त्यांना कॉफी दिली. त्यांनी तो कप दोन बोटांत धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेबांचा कप कुठाय, निखिलशेठ?"

निखिल म्हणाला, "घरी आहे. जपून ठेवलाय."

"अच्छा," युसूफभाई म्हणाले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "नाही, कसं आहे, साहेब गेले तरी मी नौपाड्याला यायचो ना, काम नसलं तरी यायचो. त्या कपात चहा आला की वाटायचं साहेब आत बसलेत, आता हाक मारतील. तुम्ही ठेवलाय ते बरोबर आहे. वडिलांची वस्तू आहे." आणि कॉफी न पिता त्यांनी कप हळूच टेबलावर ठेवला.

निखिल उभाच राहिला. मग खाली गेला, गाडी काढली आणि तासाभरानं परत आला तेव्हा हातात रुमालात गुंडाळलेला कप होता. युसूफभाई प्रसाद खात बसले होते. खालच्या हॉटेलातून चहा मागवला. पण कप इतके महिने कपाटात पडून धुळकट झालेला, धुवायचा कुठे? मी आणि निखिल बाथरूममध्ये गेलो. तिथे त्याचेच महागडे नळ, हात समोर धरला की पाणी आणि काढला की बंद. कप धरला की नळाला तो दिसेचना. निखिल एका हातानं नळाला हात दाखवतोय, दुसऱ्यानं कप धरतोय, बाही कोपरापर्यंत भिजलेली, आणि मी बाजूला उभा राहून हसू दाबतोय. शेवटी तोही हसायला लागला. वडील गेल्यानंतर त्याला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

युसूफभाईंना चहा त्यानंच नेऊन दिला. "हा माझ्या बाबांचा कप," म्हणाला. मग हिराताईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "ताई, मोरीची रेष काढा."

"कुठं काढू ते मापासकट सांग," हिराताई म्हणाल्या. मान खालीच होती. "आणि मना आधी नाक पुसू दे."

मशीनच्या मागे पाणी होतंच. ते मशीन हलवून तिथे मोरी आली, वर फळी आली. कप खोक्यातून निघाले, गुंडाळलेले कागद पुन्हा घडी होऊन आत गेले. साहेबांचा कप खालच्या रांगेत पहिल्या आकड्याला लागला. निखिलनं दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी नवा कप आणला, हिरवा. काही महिन्यांनी हिराताई रिटायर झाल्या. आपला तपकिरी कप धुऊन त्यांनी खालच्या रांगेत लावला, पर्स उचलली आणि "येते" म्हणाल्या. भाषण करू द्यायला त्या तयारच नव्हत्या.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी मी टेबलावर होतो आणि दारातून हिराताई आल्या. खाकी पिशवी तीच. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनी मला दाबलं. बाहेरच्या टेबलावर नव्यानं लागलेली मृणाल बसते. तिनं यांना कधी पाहिलेलं नाही. तिनं बसायला सांगितलं, फळीवरून कप काढला, चहा ओतला आणि देताना म्हणाली, "हा हिराताईंचा कप. त्या इथे ड्राफ्ट्समन होत्या. ही फळी त्यांनीच सुरू केली."

"अस्सं?" हिराताई म्हणाल्या. "कशा होत्या गं?"

"मी नाही बघितलं. पण जरा खवट होत्या म्हणे. स्वतःचा कप नसला तर चहाच द्यायच्या नाहीत. चमचा देऊ का? माझ्याकडे एक जास्तीचा असतो."

हिराताईंनी चमचा घेतला, साखर ढवळली आणि सावकाश सगळा चहा प्यायल्या. मग उठून मोरीपाशी जायला लागल्या. मृणाल धावली, "अहो काकू, पाहुण्यांनी कप नाही धुवायचा." त्यांनी निमूटपणे कप तिच्या हातात दिला. मी त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेलो. हसू मावत नव्हतं माझ्या पोटात. म्हटलं, "सांगू का तिला, खवट बाई म्हणजे कोण ते?"

"नको," त्या म्हणाल्या. चेहरा असा फुललेला, की मी थट्टा पुढे नेली नाही. "मना पाहुणीच राहू दे. पुढच्या बुधवारी परत येते. तिला सांग, तेव्हा साहेबांच्या कपात चहा दे म्हणावं."

"का हो? तुमचा नको?"

"माझ्यातून जन्मभर प्यायले," हिराताई म्हणाल्या. लिफ्ट आली, त्यांनी पिशवी खांद्यावर सारखी केली. "त्यांच्यातून कधी मिळाला नाय. मी पाहुणी कुठं होते?"